न पाहिलेल्या गिऱ्हाइकाचा प्रश्न
ऑनलाइन दुकानासाठीं लेखांची आंखणी कशी करावी?

व्यापार हा आपला प्रांत नव्हे, ही समजूत सुशिक्षित घरांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. नोकरी, वकिली, शिक्षकी, फार तर घरच्या शेतीची देखरेख, एवढ्यावर आमच्या कर्तबगारीची सीमा संपते. दुकान मांडावयाचें म्हटलें कीं माजघरापासून दिवाणखान्यापर्यंत सर्वांच्या कपाळाला आठी पडते. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दुकानाचें स्वरूपच पालटलें आहे. त्याला आतां पेठेंतील जागा लागत नाहीं, गादी लागत नाहीं, दिवसभर गल्ल्यावर बसणारा माणूसहि लागत नाहीं. अंबाजोगाईस किंवा धारुरास बसून पुण्याच्या अथवा बंगळूरच्या गिऱ्हाइकाला माल पाठवितां येतो आणि त्याचे पैसे परस्पर बँकेंत जमा होतात. घरांतील एखादी पदवीधर सून किंवा सुट्टीला आलेला पुतण्या चार दिवसांत असें दुकान उभें करूं शकतो.

पण दुकान उभें करणें जितकें सोपें, तितकेंच तें गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडणें अवघड. पेठेंतील दुकान निदान जातां-येतां दिसतें. इंटरनेटवरील दुकानासमोरून कोणी जात नाहीं. ज्याला तेथें यावयाचें आहे तोच येतो, आणि त्यालाहि वाट कोणी तरी दाखवावी लागते. ही वाट दोन प्रकारांनीं निघते. एक, पैसे मोजून जाहिरात द्यावी. पैसे थांबले कीं वाट बंद. दुसरी, गिऱ्हाइकाच्या मनांत जो प्रश्न आहे त्याचें उत्तर आपल्या दुकानाच्या पानांवर आधींच लिहून ठेवावें, म्हणजे तो प्रश्न घेऊन शोधयंत्राकडे गेलेला मनुष्य आपोआप आपल्या दारीं येतो. ही दुसरी वाट संथ आहे, परंतु तिला लागणारें भांडवल सुशिक्षित घरांत भरपूर असतें: लिहितां येणें, आणि कांहींतरी सांगण्यासारखें ठाऊक असणें. तिचाच विचार येथें करावयाचा आहे.

नांगर आणि मासिक

ही कल्पना अगदीं नवी आहे, असें मानण्याचें कारण नाहीं. महाराष्ट्रांत तिचा अत्यंत यशस्वी प्रयोग शंभर वर्षांपूर्वींच झालेला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं लोखंडी नांगर तयार केला तेव्हां तो शेतकऱ्याच्या गळीं सहजासहजीं उतरला नाहीं. लोखंडानें जमीन बिघडते, अशी समजूत त्या काळीं पसरलेली होती. म्हणजे अडचण मालाची नव्हती, समजुतीची होती. आणि समजूत किंमत उतरवून दूर होत नाहीं, सांगून, पटवून दूर होते. पुढें १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० सालीं तेथून ‘किर्लोस्कर खबर’ हें नियतकालिक निघूं लागलें. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर. कारखान्याची व त्याच्या मालाची वार्ता लोकांपर्यंत पोंचविणें हा त्याचा आरंभींचा हेतु. परंतु वाचकाला उपयोगी पडेल असा मजकूर देण्याच्या धोरणामुळें तें वाढत गेलें, पुढें केवळ ‘किर्लोस्कर’ या नांवानें घरोघर पोंचलें, आणि त्याच्या पाठोपाठ १९३० सालीं ‘स्त्री’ व १९३४ सालीं ‘मनोहर’ हीं भावंडें जन्मास आलीं. नांगराच्या कारखान्याच्या पोटीं तीन मासिकें निपजलीं, हें आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांतील एक मौजेचें सत्य आहे.

परदेशांतहि हेंच घडलें होतें. अमेरिकेंतील जॉन डीअर या नांगर करणाऱ्या कंपनीनें १८९५ सालीं ‘द फरो’, म्हणजे ‘नांगराचें तास’, या नांवाचें शेतकऱ्यांसाठीं नियतकालिक सुरू केलें. फ्रान्समधील मिशेलिन या टायर करणाऱ्या कंपनीनें १९०० सालीं मोटारीनें प्रवास करणाऱ्यांसाठीं माहितीपुस्तिका काढली. लोक अधिक हिंडले तर टायर अधिक झिजतील, हा त्यांतला सरळ हिशेब. तिघांचें सूत्र एकच: आधीं उपयोगी पडावें, मग विकावें. आज बदललें आहे तें इतकेंच, कीं पूर्वीं मासिक वाचकाकडे जात असे. आतां वाचक आपला प्रश्न घेऊन निघतो आणि मधल्या चौकांत शोधयंत्र उभें असतें.

शोधयंत्र काय करतें?

गूगल हें आजचें सर्वांत प्रसिद्ध शोधयंत्र १९९८ सालीं स्थापन झालेल्या कंपनीचें आहे. त्याचें काम तीन पायऱ्यांत चालतें. प्रथम त्याचे यांत्रिक दूत इंटरनेटवरील पानें एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात वाचतात. मग ग्रंथालयाच्या सूचीप्रमाणें त्या पानांची नोंद होते. आणि शेवटीं कोणी प्रश्न विचारला कीं नोंदींतील कोणतीं पानें आधीं दाखवावयाचीं, याचा क्रम लागतो. या क्रमासाठीं पुष्कळ गोष्टी पाहिल्या जातात. पानावर त्या विषयाचा मजकूर आहे कीं नाहीं, इतर विश्वासू पानांनीं त्याचा निर्देश केला आहे कीं नाहीं, पान मोबाइलवर नीट उघडतें कीं नाहीं, इत्यादि.

यंत्राला फसविण्याची विद्याहि त्याच्याबरोबरच वाढली. एकच शब्द पानभर पन्नास वेळां घालणें, पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपविणें, असले उद्योग लोकांनीं केले. आणि यंत्र शहाणें होत गेलें. पानाच्या पोटांत लपवून ठेवलेली मुख्य शब्दांची यादी आपण क्रम ठरवितांना विचारांत घेत नाहीं, असें गूगलनें २००९ सालींच जाहीर केलें. २०११ सालीं केवळ भरतीच्या उथळ लेखांना मागें टाकणारी सुधारणा आली. २०२२ च्या अखेरीस गूगलनें आपल्या परीक्षकांच्या मार्गदर्शिकेंत तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता यांच्या जोडीला ‘अनुभव’ हा चौथा निकष घातला. लिहिणाऱ्यानें ती वस्तु स्वतः हाताळली आहे काय, हें पाहा, असा त्याचा अर्थ. २०२४ सालीं यंत्राकडून घाऊक लिहून घेतलेल्या निरुपयोगी पानांविरुद्ध नियम कडक झाले. आणि त्याच वर्षीं भारतांतहि शोधाच्या माथ्यावर यंत्रानें स्वतःच जुळविलेलें उत्तर दिसूं लागलें. या शेवटच्या गोष्टीचा परिणाम लक्षांत घेण्याजोगा आहे. जें उत्तर शंभर ठिकाणीं सांपडतें तें आतां यंत्रच देऊन टाकतें, आणि वाचक तेथूनच परत फिरतो. आपल्या दारापर्यंत तो येईल तो, जें केवळ आपल्यालाच ठाऊक आहे, त्यासाठींच. आणि घरांतील अनुभवाचें मोल वाढतें तें याच ठिकाणीं.

बालाघाटचें सीताफळ

उदाहरणावांचून आंखणी समजत नाहीं. म्हणून बीड जिल्ह्याचेंच एक उदाहरण घेऊं. अकरा तालुक्यांचा हा जिल्हा अवर्षणासाठीं आणि दसऱ्यानंतर ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्या मजुरांसाठीं महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु याच जिल्ह्यांतील बालाघाटच्या डोंगरउतारांवर, विशेषतः धारूरच्या बाजूस, थोड्या पाण्यावर आणि हलक्या जमिनींत सीताफळ उत्तम पिकतें. २०१६ सालीं ‘बीडचें सीताफळ’ या नांवाला भौगोलिक मानांकनहि मिळालें. फळ सुरेख आहे, पण त्याचा स्वभाव व्यापाराला प्रतिकूल. झाडावरून उतरल्यावर दोन-चार दिवसांत तें पिकतें, आणि पिकल्यावर थांबत नाहीं. आज विकलें नाहीं तर उद्यां फेकावें लागतें, हें घेणाऱ्यालाहि ठाऊक असतें. म्हणून भाव तो ठरवितो, विकणारा नव्हे. गर काढून गोठवून ठेवला तर वस्तु टिकते, आणि गिऱ्हाइकाची वाट पाहण्याची ताकद विकणाऱ्याला येते. अशी ताकद येणें हेंच या सर्व खटाटोपाचें खरें फळ.

तेव्हां समजा, एखाद्या एकत्र कुटुंबानें भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत ताजें सीताफळ आणि वर्षभर गोठविलेला गर विकण्याचें ऑनलाइन दुकान काढलें. या दुकानासाठीं कोणते लेख लिहावे, केव्हां लिहावे, आणि कसे?

शब्द गिऱ्हाइकाचा, आपला नव्हे

पहिली गोष्ट शब्दांची. आपण ज्या नांवानें वस्तु ओळखतों त्याच नांवानें गिऱ्हाईक ती शोधील, असें नाहीं. मराठी माणूस ‘सीताफळ’ म्हणतो. पण तोच मोबाइलवर रोमन अक्षरांत लिहितो, आणि मुंबईतील त्याची मुलगी इंग्रजी ‘कस्टर्ड ॲपल’ असें विचारते. उत्तर हिंदुस्थानांत पुष्कळ ठिकाणीं या फळाला ‘शरीफा’ म्हणतात. दिल्लीकडे तर ‘सीताफल’ म्हणजे चक्क लाल भोपळा! ‘सीताफल’ एवढाच शब्द धरून दिल्लीच्या गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्याच्या दारीं भोपळ्याच्या भाजीची कृति विचारणारे लोक यावयाचे.

गांवाच्या नांवाचीहि हीच तऱ्हा. ‘बीड’ हें आपल्या जिल्ह्याचें नांव, तसेंच तें ओतीव लोखंडाचेंहि नांव. बिडाचा तवा शोधणारी गृहिणी आणि बीडचें सीताफळ शोधणारा गृहस्थ यंत्राच्या दारांत शेजारी शेजारी उभे असतात. निजामी अमदानींत इंग्रजी कागदोपत्रीं हाच जिल्हा ‘भीर’ असा लिहीत. अंबाजोगाई कोणी ‘आंबेजोगाई’ लिहितो, कोणी ‘अंबेजोगाई’. जुन्या दप्तरांत तेंच गांव मोमिनाबाद आहे. म्हणून लेखाच्या मथळ्यांत नुसतें ‘बीड’ न लिहितां ‘बीड जिल्ह्यांतील सीताफळ’ असें स्पष्ट लिहावें, आणि मजकुरांत दुसरीं प्रचलित नांवें एकेकदां सहज ओघांत येऊं द्यावीं. सहज, हा शब्द महत्त्वाचा. नांवांची माळ ओवलेलें वाक्य माणसालाहि खटकतें आणि यंत्रालाहि.

इंग्रजी वाचणाऱ्या गिऱ्हाइकासाठीं पान निराळें असावें, आणि तें यंत्राकडून भाषांतरित केलेलें नसावें. घरांतील ज्याचें इंग्रजी चांगलें त्यानें तें स्वतंत्रपणें लिहावें. पुण्याच्या आजीबाईंचा प्रश्न आणि गुरुग्रामच्या तरुण गृहिणीचा प्रश्न एक नसतो, मग उत्तर तरी एक कसें असेल?

प्रश्नांची वही

दुसरी गोष्ट प्रश्नांची. लेखाचा विषय स्वतःच्या कल्पनेंतून काढूं नये. तो विचारणाऱ्याच्या तोंडून घ्यावा. यासाठीं घरांत एक वही घालावी. फोनवर, व्हॉट्सॲपवर, लग्नसमारंभांत, बसमध्यें जो जो प्रश्न कोणी विचारील तो त्याच्याच शब्दांत वहींत उतरावा. मग शोधयंत्राच्या चौकटींत ‘सीताफळ’ एवढा शब्द लिहून थांबावें. पुढें कोणते शब्द यंत्र आपण होऊन सुचवितें तें टिपावें, कारण त्या सूचना बऱ्याच अंशीं लोकांच्या शोधांवरूनच घडतात. गूगल ट्रेंड्स या विनामूल्य साधनानें कोणता शब्द वर्षांतील कोणत्या महिन्यांत अधिक शोधला जातो हेंहि कळतें.

वहींतील प्रश्न आपोआप तीन ढिगांत पडतात. पहिल्या ढिगांत जाणण्याची इच्छा: सीताफळ कच्चें घरीं कसें पिकवावें? शीतकपाटांत ठेवलें तर काळें कां पडतें? दुसऱ्यांत तुलना: ताजें फळ घ्यावें कीं गर? मानांकनाचें फळ ओळखावें कसें? तिसऱ्यांत खरेदी: पुण्याला घरपोंच मिळेल काय? किलोला किती फळें बसतात? तिसऱ्या ढिगाचीं उत्तरें विक्रीच्या पानावरच द्यावीं, त्यांचा लेख करूं नये. पहिल्या दोन ढिगांचे लेख होतात. विचारणारे सर्वांत अधिक पहिल्या ढिगांत असतात आणि लगेच विकत घेणारे तिसऱ्यांत. म्हणून प्रत्येक लेखांतून पुढच्या पायरीकडे नेणारा एखादा दुवा असावा. एखादाच, दर परिच्छेदाला ‘आतांच मागवा’ अशी हाक घालणारा लेख पेठेंतील बाही ओढणाऱ्या दुकानदारासारखा वाटतो.

येथें एका मोहाचा निर्देश करणें अवश्य आहे. अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोंकणस्थ घराण्यांपैकीं अनेकांची कुलदेवता. परळी वैजनाथ हें ज्योतिर्लिंग म्हणून पूज्य. या क्षेत्रांची माहिती शोधणारे लोक पुष्कळ. तेव्हां दुकानाच्या पानांवर यात्रेची माहिती, मुकुंदराज व दासोपंत यांच्या समाधींची माहिती घालून वाचक ओढावे, असें वाटणें साहजिक आहे. पण यात्रेची वेळ विचारावयास आलेला माणूस सीताफळाचा गर घेऊन जात नाहीं. वाचकांची नुसती गर्दी म्हणजे गिऱ्हाइकी नव्हे. हंगामांत यात्रेस येणाऱ्यानें परततांना सीताफळें कशीं निवडावीं आणि प्रवासांत कशीं न्यावीं, असा एक लेख मात्र सर्वस्वीं उचित ठरेल. कारण त्यांत क्षेत्र आणि फळ यांची सांगड खरीच आहे.

वर्षाची आंखणी

तिसरी गोष्ट काळाची. लेख प्रसिद्ध केला आणि दुसऱ्या दिवशीं तो शोधांत वर आला, असें होत नाहीं. नव्या दुकानाच्या बाबतींत तर कांहीं आठवडे, क्वचित्‌ कांहीं महिनेहि लागतात. ज्याला अश्विनांत फळ विकावयाचें आहे त्यानें आषाढांतच लेख लिहिला पाहिजे. पेरणी आधीं आणि सुगी मागून, हा शेतीचा नियम येथेंहि आहे.

म्हणून वर्षाची मांडणी अशी करावी. ज्येष्ठ-आषाढांत फळाच्या निवडीचे व पिकविण्याचे लेख तयार व्हावे: डोळे फुगून रुंद झाले आणि त्यांच्यामधल्या रेषा पिंवळसर दिसूं लागल्या म्हणजे फळ उतरविण्यास योग्य, कच्चें फळ शीतकपाटांत ठेवूं नये, थंडीनें तें काळें पडतें आणि मग नीट पिकत नाहीं. श्रावणांत वाहतुकीचा लेख: फळ कोणत्या अवस्थेंत निघतें, किती दिवसांत पोंचतें, आल्याबरोबर काय करावें. भाद्रपद-अश्विनांत नवें कांहीं न लिहितां जुन्या लेखांतील भाव, तारखा आणि छायाचित्रें ताजीं करावीं, कारण तेव्हां हात फळांत गुंतलेले असतात. कार्तिक-मार्गशीर्षांत गराचे लेख: वितळलेला गर हवेनें लवकर तांबूस कां होतो, पुन्हां कां गोठवूं नये. माघ-फाल्गुनांत, लग्नसराईच्या तोंडावर, पदार्थांचे लेख. आणि चैत्र-वैशाखांत थंड पेयांचे व आइस्क्रीमचे.

पदार्थांच्या लेखांत घरच्या स्वयंपाकघराचा अधिकार दिसला पाहिजे. सीताफळाची बासुंदी करतांना गर उकळत्या दुधांत घातला तर चव बिघडते व कडसरपणा येतो; दूध आटवून पुरतें निवाल्यावरच गर मिसळावा, ही गोष्ट जिनें चार पातेलीं दूध आटविलें आहे तिला ठाऊक असते. ती ‘कां’सकट लिहिली म्हणजे लेख झाला. साखर आधीं कमी घालावी, कारण गर गोड असतो. बिया काढतांना चाळण कोणती वापरावी. एवढ्याच बारकाव्यांसाठीं वाचक आपल्याकडे येतो.

पंधरवड्यास एक, म्हणजे वर्षाला चोवीस लेख, हें प्रमाण बहुतेक घरांना झेपणार नाहीं. महिन्यास एक, पण पुरा आणि खरा, हें झेपतें. या बारांपैकीं एक लेख खोडासारखा असावा: ‘बीड जिल्ह्यांतील सीताफळ: समग्र माहिती’. त्यांत झाड मूळचें अमेरिका खंडांतील असल्यापासून बालाघाटांतील त्याच्या वस्तीपर्यंत, हंगाम, निवड, साठवण, पदार्थ या सर्वांचा संक्षेप यावा. बाकीचे अकरा फांद्यांसारखे त्याला जोडलेले असावे. खोडांतून फांदीकडे आणि फांदीवरून खोडाकडे दुवे असावे. वाचकालाहि वाट सांपडते, यंत्रालाहि.

लेखाचा बांधा

मथळा हा गिऱ्हाइकाचाच प्रश्न असावा, आणि पहिल्या दोन-तीन वाक्यांतच त्याचें सरळ उत्तर यावें, विस्तार मागून. ‘आजच्या धकाधकीच्या जीवनांत फळांचें महत्त्व’ असल्या प्रस्तावना कोणी वाचीत नाहीं. उपमथळे असावे. छायाचित्रें स्वतः काढलेलीं असावीं, आणि प्रत्येक चित्राखालीं तसेंच चित्राच्या नोंदींत तें कशाचें आहे हें शब्दांत लिहावें. दृष्टिहीन वाचकाचा वाचक-यंत्रणेला तीच नोंद उपयोगी पडते आणि शोधयंत्रालाहि. पानाच्या पत्त्यांत अर्थहीन आंकडे न ठेवतां विषयाचा शब्द ठेवावा. शोधाच्या यादींत मथळ्याखालीं दिसणारा दोन ओळींचा सारांश स्वतः लिहावा. लेखाखालीं लिहिणाऱ्याचें नांव आणि त्याचा या विषयाशीं संबंध एका वाक्यांत सांगावा. निनावी उपदेशावर लोकांचा विश्वास बसत नाहीं, आणि बसूंहि नये.

खोट्याचा मोह

आतां सर्वांत नाजूक भाग. फळांविषयींच्या शोधांत रोगांचे प्रश्न फार असतात. सीताफळानें अमुक व्याधि बरी होते, पानांच्या काढ्यानें मधुमेह जातो, बियांनीं कर्करोग हटतो, असे मजकूर मोबाइलवरून सारखे फिरत असतात. तसा एखादा लेख लिहिला तर वाचकांची झुंबड उडेल, हेंहि खरें. सुशिक्षित घराची परीक्षा येथेंच होते. रोग बरा करण्याचे खोटे दावे करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानें बंदी घातलेली आहेच. पण कायदा नसता तरी, ज्याच्या घरीं रुग्ण आहे अशा माणसाच्या आशेवर दुकान चालविणें कोणत्या घराला शोभेल?

उलट खरें आणि अप्रिय असेल तें आपण होऊन सांगावें. सीताफळ फार गोड आहे, मधुमेह्यानें वैद्यांना विचारूनच खावें, हें विक्रीच्या पानावर लिहावें. बियांची पूड उवांवर लावण्याची जुनी चाल कांहीं घरांत आहे. ती पूड डोळ्यांत गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते, हा इशारा देणारा लेख एक रुपयाचीहि विक्री करणार नाहीं, परंतु एखाद्या मुलीचे डोळे वांचवील. आणि असा लेख लिहिणाऱ्या दुकानावर लोक बाकीच्या बाबतींतहि विश्वास ठेवतात.

मानांकनाचीहि गोष्ट अशीच. बीडच्या सीताफळाला मानांकन आहे म्हणून बीडमधील कोणीहि तें नांव व चिन्ह मुक्तपणें वापरावें, असा त्याचा अर्थ नाहीं. १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याप्रमाणें अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ती आधीं करावी, मग लेखांत मिरवावें. दुसऱ्या जिल्ह्याचें फळ बीडचें म्हणून विकणारा मनुष्य स्वतःच्या पदरीं चार पैसे पाडतो आणि बालाघाटांतील हजार झाडांची अब्रू घालवितो. अन्नपदार्थ विकण्यासाठीं लागणारी अन्न सुरक्षा खात्याची नोंदणीहि तशीच आधीं हवी, आणि तिचा क्रमांक पुडक्यावर व पानावर दिसला पाहिजे.

हिशेब

लेखांचा हिशेब ठेवल्यावांचून आंखणी पुरी होत नाहीं. गूगलचें ‘सर्च कन्सोल’ हें विनामूल्य साधन आपल्या दुकानाला जोडलें म्हणजे कोणत्या शब्दांवर आपलें पान किती वेळां यादींत दिसलें आणि किती जणांनीं तें उघडलें, हें कळतें. समजा, एक लेख महिन्यांत हजार वेळां यादींत दिसला, तीस जणांनीं उघडला, आणि त्यांतील एकानें गर मागविला. हे आंकडे केवळ समजण्यासाठीं घेतले आहेत. पण त्यावरून उपाय कसा सुचतो तें पाहावें. हजार वेळां दिसूनहि कोणी उघडीत नसेल तर मथळा व सारांश बदलावा. उघडतात पण पुढें जात नाहींत, तर मजकूर किंवा विक्रीचें पान तपासावें. मुळीं दिसतच नसेल तर शब्द चुकला किंवा विषय कोणाला नको आहे. हा हिशेब दर महिन्यास पाहावा, दर तासाला नव्हे. रोप वाढलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं रोज तें उपटणारा माळी कोणी ठेवीत नाहीं. पहिलें निदान एक वर्ष धीर धरावा, आणि तोंवर घरचा खर्च या दुकानावर अवलंबून ठेवूं नये.

श्रेय आणि वांटा

शेवटीं एक गोष्ट, जी आंकड्यांत दिसत नाहीं. अशा दुकानाचें खरें भांडवल कोणतें, हें वरील विवेचनावरून ध्यानांत येईल. फळ पिकलें कसें ओळखावें हें आजोबांना ठाऊक, बासुंदी कां फाटते, कां कडू होते, हें आजीला व काकूंना ठाऊक, वही भरण्याचें काम घरांत फोन घेणाऱ्या सुनेचें, छायाचित्रें पुतण्याचीं. एकत्र कुटुंबांत हें सर्व ज्ञान एका छपराखालीं असतें, आणि एकट्यादुकट्या दुकानदाराला तें पैसे देऊनहि मिळत नाहीं. यंत्रानें ‘अनुभव’ हा निकष घातला, म्हणजे एका अर्थानें त्यानें स्वयंपाकघरालाच साक्षीला बोलाविलें.

परंतु साक्ष काढावयाची तर साक्षीदाराचें नांवहि लिहिलें पाहिजे. आमच्या घरांची जुनी रीत अशी, कीं पदार्थ काकूंचा, लिहिणें सुनेचें, आणि दुकान मात्र कर्त्या पुरुषाच्या नांवावर. ती रीत येथें मोडावी. लेखाखालीं जिचें ज्ञान तिचें नांव छापावें; आणि महिन्याच्या हिशेबांत तिचा वांटा तिच्या स्वतःच्या बँकखात्यांत जावा. हें केवळ न्यायाचें म्हणून नव्हे, व्यवहाराचेंहि आहे. ज्या घरांत सांगणारीला मान व मोबदला मिळतो तेथें सांगण्यासारख्या गोष्टी आटत नाहींत. वहींतील पुढचा प्रश्न घेऊन सून माजघरांत जाईल तेव्हां काकू हातांतलें काम बाजूला ठेवून उत्तर देतील कीं ‘नंतर बघूं’ म्हणतील, हें या एका गोष्टीवर ठरावयाचें आहे. आणि दुकान सांपडावयाचें कीं नाहीं, तेंहि.